घरातली कचेरी आणि उडालेली झोप

पनवेलहून लोकलने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला सव्वा तास तरी लागतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुष्कळांचा हा प्रवास एकाएकी सुटला. चाकरमान्यांना आता पोटभर झोप मिळेल, असे आम्हां शेजाऱ्यांना वाटले. अनेक घरांत घडले मात्र उलटेच!

प्रवास कष्टाचा खरा. पण तो कामाला आरंभ आणि शेवट नेमून देत असे. तो गेला आणि कचेरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. न्यूयॉर्कच्या साहेबाचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मग रात्री अकरालाही मीटिंग चालते, मुले कुजबुजत अभ्यास करतात आणि आजी आपला टीव्ही मुका करून बघते.

शरीरातही एक घड्याळ असते. त्याचे गुपित उकलणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा उजेड हे घड्याळ लावतो. रात्री पडद्याचा उजेड ते मागे सारतो. स्टेशनकडे चालताना मिळणारे ऊन बंद झाले, की झोपेचा हिशेब चुकणारच.

कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क फ्रान्सने 2017 पासून कायद्याने दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले; त्याचा कायदा झाला नाही. तोवर एवढे तरी करावे: सकाळी वडाळे तलावाला एक फेरी, आणि काम संपताच संगणक कपाटात. कचेरीला रोज कुलूप लागते. मग घरातल्या कचेरीलाच का लागू नये?