तौबा केली, पण हात थरथरतात : दारू सोडवणारी औषधे मेंदूत काय करतात?

रमजानचा चाँद दिसला की वर्षभर रोज पिणारा माणूसही बाटली बाजूला ठेवतो. "आता बस, तौबा," म्हणतो. घरच्यांना आनंद होतो. पण दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, खोलीत नसलेल्या माणसांशी तो बोलू लागतो. कुणी म्हणतं रोजामुळे अशक्तपणा आलाय, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलंय. दवाखान्याऐवजी तावीज शोधला जातो. आणि नेमके हेच तास जिवावर बेतू शकतात.

दारू हराम आहे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण म्हणूनच आपल्या घरांत हा आजार जास्त लपवला जातो. मुलीचं लग्न व्हायचंय, जमातीत तोंड कसं दाखवायचं, या विचाराने अम्मी आणि बायको गप्प राहतात. केंद्र सरकारने 'एम्स'कडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना उपचारांची गरज आहे.

ब्रेक आणि रेस

मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ते कुलपासारखे असतात, ठराविक रसायनाची किल्ली लागली की काम सुरू होतं. 'गाबा' हे रसायन मेंदूचा ब्रेक आहे, तर 'ग्लुटामेट' म्हणजे रेस. दारू ब्रेक दाबते आणि रेस कमी करते, म्हणून सुस्ती येते. रोज असं झालं की मेंदू तोल सांभाळायला ब्रेक सैल करतो आणि रेस वाढवून ठेवतो. मग एक दिवस दारू अचानक बंद झाली, की ब्रेक नसलेली गाडी सुसाट सुटते. थरथर, फिट आणि भास त्यातूनच येतात.

फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. बरळणं, भास आणि ताप सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. दवाखान्यात ठराविक औषधे आणि 'बी-१' जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुखरूप पार पाडता येतात.

पुढचे महिने कसे काढायचे?

शरीर सावरलं तरी तलब राहते. जुने दोस्त भेटले, पगार झाला, घरात भांडण झालं, की मन ओढ घेतं. इथे पुढची औषधे मदत करतात.

नाल्ट्रेक्झोन : दारू प्यायल्यावर मेंदूत एंडॉर्फिन सुटतं आणि मजा वाटते. ते ज्या ओपिऑइड रिसेप्टरवर बसतं, ती जागा ही गोळी आधीच अडवते. मजाच कमी झाली की ओढही हळूहळू कमी होते. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी तिला १९९४ मध्ये मंजुरी मिळाली. अफूच्या जातीची वेदनाशामके घेणाऱ्यांना ती देत नाहीत. यकृताची तपासणी आधी होते.

अकॅम्प्रोसेट : हे औषध वाढलेली रेस शांत करतं, असं मानलं जातं. दारू थांबवल्यावर ते सुरू करतात. ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड नीट हवं.

बॅक्लोफेन : हे 'गाबा'च्या एका रिसेप्टरवर काम करतं. यकृत खराब झालेल्यांसाठीही डॉक्टर त्याचा विचार करतात. फ्रान्सने २०१८ मध्ये या वापराला मंजुरी दिली. हे मनानेच एकदम बंद करू नये, त्यानेही फिट येऊ शकते.

नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट नशा देत नाहीत, त्यांची सवय लागत नाही. म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावण्याचा हा प्रकार नाही. पण ती जादूही नाहीत. १२२ चाचण्यांचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण १२ जणांना अकॅम्प्रोसेट दिल्यावर त्यामुळे एक जास्तीचा माणूस पुन्हा पिण्यापासून वाचतो. समुपदेशन आणि घरच्यांची साथ म्हणूनच तितकीच लागते.

चहात गुपचूप गोळी नको

डायसल्फिराम हे जुनं औषध वेगळं आहे. ते रिसेप्टरवर नाही, तर यकृतात दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमवर काम करतं. ते घेऊन प्यायलं की उलट्या, धडधड आणि छातीत कळ सुरू होते, रक्तदाब खाली येतो, जीवही जाऊ शकतो. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती पाहून काही घरांत गोळ्या किंवा पुडी चहात मिसळतात. पुडीत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि पिणाऱ्याला धोक्याची कल्पनाच नसते. असं कधीही करू नका.

घरच्यांनी काय करावं?

रमजानची वाट न पाहता शाबानमध्येच, किंवा आजच, मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून हे काम करतंय. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि 'टेलि मानस' १४४१६ या नंबरांवर फोन करता येतो. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर लगेच रुग्णालय गाठा. आजारी माणसाला रोजाची सवलत आहेच. औषधाच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसतील का, हे डॉक्टरांनाच विचारा.

इमामसाहेबांनीही तौबा करणाऱ्याला एक वाक्य जास्त सांगावं : "बेटा, डॉक्टरकडेही जा." साखरेच्या गोळीची आपल्याला लाज वाटत नाही. तौबेचा इरादा माणसाचा असतो, तो टिकवायला मेंदूलाही मदत लागते.