दहा बाय पंधराच्या हॉलमधला तंबोरा

स्पीकरच्या दुकानातला डेमो बहुतेक वेळा स्फोटाने सुरू होतो. काचा फुटतात, हेलिकॉप्टर डोक्यावरून घरघरत जातं, सोफ्याला कंप सुटतो आणि गिऱ्हाईक नकळत खिसा चाचपू लागतं. मग ती जोडी घरी येते, टीव्हीच्या दोन बाजूंना कोपऱ्यात उभी राहते आणि आठवड्याभरात कुरबुरी सुरू होतात. बातम्या देणारा माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, डग्गा नुसता घुमतो. सिनेमातली पात्रं कुजबुजली की आवाज वाढवायचा, गाडी उडाली की घाईघाईने रिमोट शोधायचा. स्पीकर तेच आहेत, खोली मात्र दुसरी आहे.

या खोलीचं गणित साधं आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शहरातल्या फ्लॅटचा हॉल १० बाय १५ फूट आणि छत साडेनऊ फुटांवर आहे असं धरू. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीलहरीची अर्धी लांबी बरोबर मावते, ती तिथे घुमू लागते. १५ फुटांच्या लांबीत ती लहर सुमारे ३७ हर्ट्झची, १० फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झची, तर जमीन आणि छत यांच्यामध्ये ५९ हर्ट्झची असते. शेवटच्या दोन एकमेकींना खेटून असल्यामुळे नेमक्या त्याच पट्ट्यात आवाज फुगतो. कोपऱ्यातला स्पीकर त्यात आणखी भर घालतो. म्हणून नवीन जोडी घेण्याआधी जुनीच भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढून पाहावी आणि सोफाही मागच्या भिंतीपासून थोडा सुटा करावा. अर्धी तक्रार कधी कधी तिथेच मिटते.

वरच्या स्वरांचं दुखणं वेगळं. चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि मोठी काचेची खिडकी असलेल्या हॉलमध्ये एक टाळी वाजवली की मागे ‘झण्ण’ असा शेपटीसारखा आवाज उरतो. ट्वीटरमधून निघालेल्या प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ला ही शेपटी चिकटते. समोर जाड सतरंजी, खिडकीला वजनदार पडदे आणि बाजूला पुस्तकांचं कपाट असेल तर ती बरीच तुटते. खालच्या घुमण्यावर मात्र सतरंजीचा काही इलाज चालत नाही.

अशा हॉलला माणसाच्या छातीएवढे उंच टॉवर हवेत की टेबलावर मावणारे बुकशेल्फ? या प्रश्नाला एक जुनं उदाहरण आहे. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांना बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांसाठी स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, पण निवेदकाचा आवाज खराखुरा ऐकू यायला हवा, अशी अडचण होती. त्यातून ‘एलएस ३/५ए’ हे जेमतेम पाच लिटर आकारमानाचं खोकं जन्माला आलं. त्यातून खोल बास निघत नाही, फार मोठा आवाजही झेपत नाही. तरी माणसाच्या गळ्यासाठी त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. घरात मुख्यतः गाणं ऐकलं जात असेल, तर लहान खोलीत चांगल्या बुकशेल्फची जोडी त्याच किमतीतल्या स्वस्त टॉवरपेक्षा बहुधा उजवी ठरते. मात्र तिला भक्कम स्टँड हवा, म्हणजे ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला येतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा जवळजवळ समभुज त्रिकोण झाला, की गायक दोन खोक्यांच्या मधोमध बसलेला भासतो.

ही पारख करायला स्फोटापेक्षा तंबोरा कामाचा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झच्या आणि खर्जाची तार ६९ च्या आसपास लागते. पाच इंची वूफरची चांगली जोडी साधारण इथपर्यंत उतरते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही खर्ज असल्याचा भास होतो, कारण वरच्या सहस्वरांवरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. चांगल्या जोडीवर तो भास न राहता तारेला वजन येतं. त्याच तारेतून पाचपट कंप्रतेवर, म्हणजे ३४७ हर्ट्झच्या जवळपास, स्वयंभू गंधार उमटतो. जवारीची चमक त्याच्याही वर. खर्ज, गंधार आणि जवारी एका दमात, पण वेगवेगळे ऐकू आले, तर वूफर आणि ट्वीटर यांची सांधेजोड नीट झाली आहे असं समजावं. दुसरी तपासणी गर्दीची. ‘सैराट’चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. व्हायोलिनचा ताफा आणि तालवाद्यं एकत्र उसळतात तेव्हा त्यांचा लगदा होतो की थर दिसतात, हे दोन मिनिटांत कळतं.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच अधिक गोड लागतो आणि हे दुकानदाराला ठाऊक असतं.

खोक्यावरच्या वॉटचंही तसंच. १९९० च्या दशकात तळहाताएवढ्या कॉम्प्युटर स्पीकरवर ‘पीएमपीओ’चे शेकडो, हजारो वॉट दिमाखात छापलेले असत. हा आकडा कसा मोजायचा याचं सर्वमान्य माप नव्हतं, त्यामुळे जो तो आपल्या मनाने छापी. आज आरएमएस वॉटसोबत सेन्सिटिव्हिटी पाहावी. एका मीटरवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याइतकं वाजायला चौपट शक्ती लागते, कारण दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट होतात. कमी सेन्सिटिव्हिटीची, चार ओहमची जोडी जुन्या, बेताच्या अॅम्प्लिफायरला जोडली की आवाज वाढवताच तो धापा टाकतो.

सिनेमासाठी खर्चाचा क्रम बदलतो. ५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. त्यामुळे कुजबूज ऐकू येत नसेल, तर मागच्या स्पीकरवर उधळपट्टी करण्याआधी सेंटर सुधारावा. तो शक्यतो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला असावा, नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच पालटतो. रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरकडे सोपवलं, की बुकशेल्फलाही मोकळा श्वास मिळतो.

सबवूफरची जागा शोधण्याची युक्ती मात्र घरच्यांची करमणूक करणारी आहे. त्याला उचलून थेट सोफ्यावर बसवायचं, बासचं संथ गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरायचं. जिथे बास भरीव पण आटोपशीर ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवायचा.

तारेवर फार खर्च करायचं कारण नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन पदरी वायर पाच मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही.

उरतो प्रश्न जुन्या जोडीचा. दमट हवेत वूफरच्या कडेची फोमची रिंग काही वर्षांत कुजते आणि बोट लावताच भुगा होतो. कोन आणि कॉइल शाबूत असतील तर दुरुस्ती करणारा नवी रिंग चिकटवून देतो. मग ती जोडी मागच्या भिंतीवर चढते आणि सिनेमात पाऊस लागला की तिचंही काम सुरू होतं.