लॉ कॉलेज रस्त्यावरची टॉकीज

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची इमारत आहे. पाटी वाचून कुणालाही वाटावं, आत फायली, कपाटं आणि दुपारी जेवायला गेलेले बाबू असतील. तेही असतात म्हणा. पण आत सुमारे सव्वातीनशे खुर्च्यांचं एक थिएटरही आहे. पुण्यातले सिनेमावेडे या सगळ्याला मिळून नुसतं ‘आर्काइव्ह’ म्हणतात. माझ्या लेखी ती टॉकीजच, आणि महाराष्ट्रातली सगळ्यात शहाणी टॉकीज.

मी वडनेरचा. आमच्याकडे सिनेमा बघायचा म्हणजे हिंगणघाट गाठायचं, आणि परतीची शेवटची एसटी चुकू नये म्हणून शेवट न बघताच उठायचं. त्यामुळे खलनायक पकडला जातो की नाही, हे दुसऱ्या दिवशी हिंगणघाटात राहणाऱ्या मित्राकडून कळायचं. पुढे शिकायला म्हणून वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली आणि पुण्यात आलो. आर्काइव्हमध्ये पहिल्यांदा शेवटपर्यंत बसलो तेव्हा पडद्यावर जपानी माणसं बोलत होती, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. निम्मं कळलं नाही. पण मध्यंतर नाही, शिट्ट्या नाहीत, आणि दिवे लागल्यावरही लोक लगेच उठत नाहीत, हे बघून चाटच पडलो. शेजारी निवृत्त मास्तर, मागे फिल्म इन्स्टिट्यूटची दाढीवाली पोरं, पुढे पिशवीत भाजी घेऊन आलेल्या एक बाई. सिनेमा संपल्यावर फाटकाबाहेर चहा पिताना या सगळ्यांची भांडणं ऐकणं हाच माझा खरा वर्ग.

ही संस्था 1964 साली सुरू झाली. तिचं घराणंच सिनेमाचं. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि ती उभी आहे प्रभात कंपनीच्या स्टुडिओच्या जागेत. दामले-फत्तेलालांनी 1936 साली ‘संत तुकाराम’ केला तो त्याच आवारात. तो चित्रपट आर्काइव्हमध्ये बघताना, विष्णुपंत पागनीस इथून हाकेच्या अंतरावर कॅमेऱ्यापुढे उभे होते, हा विचार डोक्यातून जात नाही. ‘संत तुकाराम’ 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला होता. देहूचा वाणी व्हेनिसला जाऊन आला तरी पुण्यात त्याला बघायला तिकिटाची झुंबड नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आर्काइव्हचं नाव घेतलं की पी. के. नायर यांचं नाव येतंच. तिरुवनंतपुरमचा हा माणूस 1965 साली इथे रुजू झाला आणि 1991 साली निवृत्त झाला. लहानपणी सिनेमाची तिकिटं जपून ठेवायचा, मोठेपणी सिनेमेच जपून ठेवू लागला. अंधारात बसून हातातल्या छोट्या टॉर्चच्या उजेडात तो वहीत नोंदी करायचा. अमुक प्रसंग कितव्या रिळात आहे, हे त्याला तोंडपाठ. इन्स्टिट्यूटच्या पोरांना रात्री-अपरात्री सिनेमे दाखवायचा. त्यातली कितीतरी पोरं पुढे नामवंत झाली. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 2012 साली त्याच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. (एकेरीत लिहितोय खरा, पण अशा माणसाला अहो-जाहो केलं की तो लांब जातो.)

जपणं म्हणजे काय, हे समजायला फिल्म हातात घेऊन बघावी लागते. पस्तीस मिलिमीटरची हजार फुटांची रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालते. सेकंदाला चोवीस चित्रं दिव्यापुढून सरकतात. रीळ संपत आली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो. ती ऑपरेटरला खूण असते, दुसरं यंत्र सुरू करायची. ऑपरेटर तरबेज असेल तर बघणाऱ्याला सांधा कळत नाही. ठिपका ओळखायला शिकल्यावर मात्र तो दिसल्याशिवाय राहत नाही, सिनेमाची मजा थोडी जातेच.

जुनी फिल्म नायट्रेटची असायची. ती पेटली की विझत नाही, कारण जळताना प्राणवायू तीच पुरवते. 2003 साली इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठारात अशाच नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुना ऐवज गेला. नंतरची अॅसिटेट फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत कुजते. अशा डब्याचं झाकण उघडलं की व्हिनेगरचा भपकारा येतो. म्हणून कोठारं थंड आणि कोरडी ठेवावी लागतात, अगदी बारा महिने.

तरी बहुतेक सिनेमे आगीत गेले नाहीत, चांदीत गेले. फिल्मच्या लेपात चांदी असते, म्हणून धंदा संपला की मालक प्रिंट भंगारात विकायचे. भारतात मूकपट झाले सतराशेच्या आसपास, नायर यांच्या हाती लागले बोटांवर मोजण्याइतके. 1931 चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, कुठेच नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळं वाचली. 1919 च्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे नायरनी जुळवले, म्हणून त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची लेक मंदाकिनी आज आपल्याला दिसते.

नुसतं जपून भागत नाही, दाखवावंही लागतं, हा नायरचा हट्ट. आर्काइव्हमधून सोळा मिलिमीटरच्या प्रिंटा देशभरच्या फिल्म सोसायट्यांना जायच्या. इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक सतीश बहादूर ‘पाथेर पांचाली’ प्रसंगाप्रसंगानं उलगडून शिकवायचे, आणि दोन्ही संस्था मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचं शिबिर घ्यायच्या. मुंबईत 1968 साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ, पुण्यात सतीश जकातदार आणि वीरेंद्र चित्राव यांचा आशय फिल्म क्लब, अशा मंडळांनी मराठी प्रेक्षक घडवला.

मला मात्र सगळ्यात हेवा वाटतो तो कर्नाटकातल्या हेग्गोडूचा. शिमोगा जिल्ह्यातलं सुपारीच्या बागांचं खेडं. तिथे के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम या नाटकवाल्या संस्थेनं 1973 साली फिल्म सोसायटी काढली. पुण्याहून डबे गेले आणि शेतकरी, मजूर, बाया ‘पाथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ज’ बघायला बसले. खेड्यातल्या माणसाला असलं काही कळत नाही, असं शहरात ठामपणे सांगणारे मला बरेच भेटलेत. त्यांना मी हेग्गोडूचा पत्ता देतो. ज्याची सायकल चोरीला गेली आणि त्याबरोबर रोजी गेली, अशा माणसाची गोष्ट कळायला कोणती पदवी लागते?

वडनेरला ते डबे आल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. आलेच असते तर कापसाच्या हंगामात नाही, उन्हाळ्यात यावे लागले असते, आणि खेळ अंधार पडल्यावर, उघड्यावर, सतरंज्यांवर झाला असता.

2022 साली आर्काइव्ह राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. त्याआधी जुन्या फिल्म वाचवायला राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम आली, तिच्यासाठी सुमारे 597 कोटी रुपये मंजूर झाले. रिळांच्या आता डिजिटल फायली होताहेत, म्हणजे लोखंडी डबे रेल्वेच्या पार्सलात घालायची कटकट संपली. वडनेरात प्रोजेक्टर आहे, भिंत आहे, शाळेचं आवार आहे. कुणी पुढाकार घेतलाच, तर पहिला खेळ ‘संत तुकारामा’चा लावा. खेळ मात्र लवकर सुरू करा, आजूबाजूच्या गावांतून आलेल्यांना शेवट बघून घरी जाता आलं पाहिजे.