गाडी ओढत नाही, डिझेल मात्र पिते!

लग्नाचे भाडे घेऊन आमचा भाचा कल्याणहून नाशिकला निघाला होता. शहापूरपर्यंत सारे ठीक होते. कसाऱ्याचा घाट सुरू झाला आणि गाडीने दम टाकला. तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, दुसऱ्यात टाकली तर इंजिन नुसते ओरडते आणि मागे काळ्या धुराचा लोट. ज्या ट्रकना तो एरवी मागे टाकतो, तेच ट्रक हॉर्न मारीत पुढे गेले. इगतपुरीला पोहोचेपर्यंत पाहुणे कावले आणि ठरलेल्या भाड्यातून पाचशे रुपये कापून त्यांनी हातावर पैसे टेकवले.

गाडी २०१३ सालची. डिझेलवर चालणारी, टर्बोची, आणि चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आमच्या बहिणीने बचत गटातून कर्ज काढून मुलाला ती घेऊन दिली. घराचा सारा रहाटगाडगा त्या चार चाकांवर चालतो. म्हणून दुसऱ्या दिवशी भाचा आमच्याकडे आला तेव्हा त्याचे तोंड उतरलेले होते. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दहा मिनिटांत निकाल दिला होता : टर्बो गेला, दुरुस्त केलेला जुना टर्बो बत्तीस हजार, मजुरी सहा हजार. एकूण अडतीस हजार.

"मामा, आई म्हणते गटातून आणखी उचल घेऊ," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "थांब. आधी शेजारच्या काकांना दाखवू."

हे काका कल्याणच्या रेल्वे डिझेल शेडमध्ये फिटर होते. डब्ल्यूडीएम-२ या इंजिनांवर त्यांची उभी हयात गेली. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली ही २६०० अश्वशक्तीची सोळा सिलिंडरची इंजिने. त्यांनाही टर्बोच असे. गाडी सुटताना ड्रायव्हरने नॉच वाढवला की डोक्यावरून काळाकुट्ट धूर निघे, तो पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. काका सांगतात, डिझेल आधी जाते आणि टर्बोची हवा मागून येते, म्हणून तो धूर. मोठे असो की लहान, इंजिनचे शास्त्र तेच.

ते शास्त्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे, म्हणजे पुढचे कळेल. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात पुष्कळ जोर शिल्लक असतो. तो सायलेन्सरवाटे फुकट घालवण्याऐवजी त्यावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हा टर्बो. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. हवा जास्त गेली की तेवढ्याच इंजिनात जास्त डिझेल नीट जळते आणि लहानसे इंजिन मोठ्यासारखे ओढते. हवा कमी पडली तर ताकद जाते. मग ड्रायव्हर एक्सिलेटर आणखी दाबतो, खालच्या गिअरवर गाडी रेटतो, अर्धवट जळलेले डिझेल काळा धूर होऊन उडून जाते. ताकद जाणे आणि अ‍ॅव्हरेज पडणे ही दोन दुखणी बरेचदा जोडीने येतात ती अशी.

बरेचदा, नेहमी नव्हे. आमच्या भाच्याच्या गाडीत नेमकी इथेच गंमत होती.

काकांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडलेच नाही. म्हणाले, "अरे बाळा, किती देते ते आधी सांग." भाचा म्हणाला, बारा देत असेल. "असेल नको. टाकी फुल कर, चालव, पुन्हा त्याच पंपावर फुल कर, आणि भाग." तसे केले. २३६ किलोमीटरला बरोब्बर २० लिटर, म्हणजे ११.८. पूर्वी सतरा देत होती. महिन्याला २४०० किलोमीटर चालणारी गाडी सतराच्या हिशेबाने १४१ लिटर पिते आणि बाराच्या हिशेबाने २००. लिटरला नव्वद रुपये धरले तरी महिन्याचे पाच हजारांहून अधिक रुपये धुरात जात होते.

मग काकांनी गाडी दहा किलोमीटर फिरवून आणायला सांगितले आणि आल्याबरोबर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागचे डावे चाक इतके तापले होते की हात ठेववेना. जॅक लावून चाक फिरवले तर अर्ध्या फेऱ्यात थांबे. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेकचे लायनर ड्रमला सतत घासत होते! चालवणाऱ्याला ते कळत नव्हते, कारण दुखणे हळूहळू वाढत गेलेले. केबल बदलली, टायरची हवा तपासली (दोन टायरमध्ये कमीच निघाली), धुळीने गच्च भरलेला हवेचा फिल्टर बदलला. पुन्हा टाकी फुल करून पाहिले : साडेतेरा.

म्हणजे थोडे सावरले, पण चढणीला गाडी तशीच मेली होती. दोन दुखणी एकत्र बसली होती. ज्याने नुसता टर्बो बदलला असता त्याला हँडब्रेकचे डिझेल तसेच जात राहिलेले दिसले असते, आणि तो म्हणाला असता की नवा टर्बोही खराबच निघाला.

आता गॅरेजवाल्याच्या स्कॅनरकडे येऊ. त्यात पी ०२९९ असा नंबर आला होता. ओळखीच्या मिस्त्रीने पुन्हा स्कॅनर लावला, तोच नंबर. त्याचा अर्थ एवढाच की हवेचा दाब हवा तितका तयार होत नाही. का होत नाही, हे स्कॅनर सांगत नाही. टर्बो गेला असेल, हवेचा पाइप फाटला असेल, टर्बोची झडप हलवणाऱ्या डबीची बारीक नळी सुटली असेल, किंवा पुढे सायलेन्सरच चोंदला असेल. ताप आहे हे थर्मामीटरने कळते; मलेरिया आहे की टायफॉइड, ते रक्त तपासून बघावे लागते. त्या गॅरेजवाल्याने थर्मामीटर बघून थेट ऑपरेशनच सांगितले होते.

धूर कोणत्या रंगाचा, हे काकांनी मागच्या गाडीतून स्वतः पाहिले. काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर आणि तेलाच्या वासाचा असेल तर ऑइल जळते आहे, तेव्हा टर्बोच्या सीलवर किंवा रिंगांवर संशय घ्यावा. धूर नाही पण ताकदही नाही, असे असेल तर आधी डिझेल फिल्टर बघावा. आणि इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच सरकतो आहे. त्यात टर्बोचा काही संबंध नाही. इथे धूर काळा होता. शिवाय एक्सिलेटर दाबला की 'सूऽऽ' असा आवाज येई आणि पाय उचलला की थांबे. काका हसले. "हे तर हवा सुटल्याचं," म्हणाले.

टर्बोचा पाइप काढून त्यांनी पंख्याचा दांडा बोटांनी हलवून पाहिला, अर्थात गाडी पूर्ण थंड असताना. आजूबाजूला किंचित हलला. तेवढे चालते. पुढेमागे अजिबात हलला नाही, आणि पंख्याची पाती कुठे घासल्याची खूण नव्हती. पाइपात ऑइलचा पातळ थर होता. तो दाखवून पुष्कळांना घाबरवले जाते, पण इंजिनच्या वाफेबरोबर थोडे ऑइल त्या वाटेने येतेच. वाटीभर साचले असते तर गोष्ट वेगळी. काकांनी टर्बोला निर्दोष सोडले.

मग हवेची परीक्षा. फिल्टरकडच्या पाइपाच्या तोंडाला रबराचे बूच बसवले, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह अडकवला आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा सोडली. इंजिन बंद, आणि दाब टायरला भरतो त्याच्या निम्म्याहून कमी. जास्त दिला तर चांगले सीलही फुटते. सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी शिंपडले. थोडी हवा इंजिनातून जातेच, तिकडे लक्ष दिले नाही. आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला फसफसून फेस आला. बोटभर चीर होती. वरून पाहिले तर पाइप नवाकोरा. इंजिन सावकाश चालताना चीर मिटलेली राही आणि घाटात दाब वाढला की तोंड उघडी. म्हणूनच गॅरेजमध्ये जागेवर उभी असताना गाडीत दोष दिसत नव्हता.

आणखी एक बारकावा. बऱ्याच गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. तो सांगतो की इतकी हवा आली; त्यातली किती वाटेत निसटली, त्याला ठाऊक नसते. तेव्हा सेन्सर बदलूनही अशा वेळी काही होत नाही. तो खर्च करून बसलेले दोघे आमच्या माहितीचे आहेत.

पाइप १८५० रुपये, दोन क्लिपा, मजुरी ६००. मिस्त्रीने नंबर पुसला, तो परत आला नाही. पुढच्या दोन टाक्यांचे अ‍ॅव्हरेज १६.६ आणि १६.९ निघाले.

ज्यांचा टर्बो खरोखर गेला असेल त्यांनाही एक विनंती. टर्बो बहुधा ऑइलपायी मरतो. ऑइल वेळेवर न बदलल्याने त्याच्याकडे जाणारी बारीक नळी काजळीने भरते आणि दांडा कोरडा पडतो. ती नळी साफ न करता किंवा न बदलता नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. तेव्हा मिस्त्रीला पैसे देण्याआधी "नळीचे काय केले?" हे विचारावे आणि जुना टर्बो मागून घ्यावा. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नये, मिनिटभर इंजिन सावकाश चालू द्यावे. सकाळी थंड इंजिनला एकदम रेस देऊ नये.

आणि निळा धूर निघत असेल तर गाडी दामटू नये. सील पूर्ण गेले तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन आपोआप रेस होऊ लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी गोंधळून बॉनेटमध्ये हात घालू नये. ब्रेक पक्का दाबावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद करावे. हे काकांनी भाच्याकडून गाडी बंद असताना तीनदा करवून घेतले.

बहिणीने गटातून उचल घेतली नाही. काकांना मजुरी विचारली तेव्हा ते रागावले. पुढच्या रविवारी भाच्याने त्यांना आणि काकूंना गाडीतून इगतपुरीला नेले. घाटात काका खिडकीची काच खाली करून आवाज ऐकत बसले होते, आणि काकू त्यांना काच वर करा म्हणून सांगत होत्या.