हसरा चेहरा आणि शेठचा आधार

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात गिऱ्हाईक ढीगभर साड्या उलगडायला लावतं, वर चार शब्द सुनावतं आणि काहीच न घेता उठतं. सेल्समन तरी हसून 'परत या' म्हणतो. हे भावनिक श्रम (नोकरीचा भाग म्हणून चेहरा, सूर आणि राग सांभाळणं). अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या पुस्तकात विमानसेविकांच्या कामावरून ही कल्पना मांडली. आपण या हसण्याला गोड स्वभाव समजतो; मग आधाराचा प्रश्नच कुठे येतो? पण साड्यांच्या घड्या घालणारा मागे कुणी नसेल तर गादीवर जसा ढीग साचतो, तसाच आधार नसेल तर गिळलेला राग साचतो. आधार म्हणजे नुसती शाबासकी नव्हे, तीही हवीच म्हणा. गिऱ्हाईक उद्धटपणे बोललं तर शेठनं आपल्या माणसाची बाजू घ्यावी, 'जा, चहा घेऊन ये' म्हणत घटकाभर स्वतः गादीवर बसावं.