स्क्रोल सॉ बदलताय? आधी ‘ब’ कापून बघा

शिक्षक मित्रांनो, पहिलीच्या वर्गासाठी प्लायवूडची मुळाक्षरे तुमच्यापैकी बरेच जण करतात. ग, त, न, र ही अक्षरं कुठल्याही करवतीवर निघतात. खरी परीक्षा ‘ब’ची. त्याच्या पोटातली तिरकी रेघ तुटली की ‘ब’चा ‘व’ होतो आणि बदकाचं वदक. ‘ष’ची रेघ गेली की उरतो ‘प’. माझ्या जुन्या मशीनवर हे इतक्यांदा झालं, की शेवटी मी ती रेघ रंगाने काढायला लागले. पण मुलं अक्षरावरून बोट फिरवतात तेव्हा रंग बोटाला लागतो थोडाच!

रेघ का तुटते ते समजून घेऊ. ‘ब’च्या पोटात दोन बंद पोकळ्या असतात. आत कापायचं तर प्रत्येक पोकळीत ड्रिलने भोक पाडून, पातं एका टोकाने सोडवून, भोकातून ओवून पुन्हा ताणून बसवावं लागतं. स्वस्त मशीनच्या पात्याला दोन्ही टोकांना आडव्या पिना असतात. पिन आत जायची म्हणजे भोक ५-६ मिलिमीटरचं हवं. आपलं अक्षर ५ सेंटिमीटर उंच असेल तर पोकळीच जेमतेम तेवढी, मग भोकच रेघ खातं. बिनपिनच्या साध्या पात्याला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पुरतं. म्हणून नवं मशीन घेताना पहिला प्रश्न हा: साधं पातं बसतं का, आणि ते हाताने बसवता येतं का? खोक्यावर ‘दोन्ही पाती चालतात’ असं छापलेलं असतं, पण काहींमध्ये दर वेळी ॲलन की शोधावी लागते. दहा संच करायचे तर एकट्या ‘ब’साठी वीस वेळा पातं सोडायचं आणि लावायचं. आता सांगा, मोटर किती वॅटची याला काय महत्त्व?

दुसरी गोष्ट थरथर. टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करा आणि मशीन चालू करा. नाणं उभं राहिलं तर उत्तम. पडलं तर लगेच मशीनला दोष देऊ नका. ते जड बाकाला बोल्टने आवळून, खाली रबर घालून पुन्हा बघा. माझी निम्मी तक्रार तिथेच मिटली होती. पातंही तपासा. दात खालच्या दिशेला हवेत, आणि ताण असा की बोटाने छेडलं तर टणत्कार यावा. प्लायच्या डिंकाने पातं लवकर बोथट होतं. बोथट पात्यावर जोर लावला की ते वाकतं आणि रेघ सुटते. ६ मिलिमीटरच्या प्लायला ३ किंवा ५ नंबरचं पातं, शक्यतो खालचे काही दात उलटे असलेलं, म्हणजे मागची बाजू फुटत नाही.

वेग कमी-जास्त करता यायलाच हवा. ॲक्रिलिक जास्त वेगाने कापलं तर ते वितळून पात्यामागे परत चिकटतं. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराला गळा म्हणू. तो १६ इंच असला तरी दोन फुटी फळीच्या मधोमध पोचता येतं. पुणे जिल्ह्याचे १४ तालुके जोडायचं कोडं त्यात आरामात होतं (आपला मावळ कापताना मजा येते). त्याहून मोठ्या गळ्यासाठी पैसे घालवू नका.

आपल्याकडच्या पावसाचा विचार मात्र दुकानदार करत नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत, आणि आपलं प्लाय आषाढात फुगतं! बिडाच्या टेबलावर लोणावळ्याच्या हवेत गंज धरतो. त्यावर मेणबत्ती घासून फडक्याने पुसत जा, लाकूडही छान सरकतं. पाती तेलकट कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. कोणी नातेवाईक अमेरिकेतून मशीन आणतो म्हणाला तर आधी त्यावरची पाटी वाचायला सांगा. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०.

आणि हो, मशीन मुलांच्या हाती द्यायचं नाही. अक्षर आखणं, पॉलिश पेपरने घासणं, रंगवणं ही कामं चौथीची मुलं झकास करतात. कापताना तुम्ही चष्मा आणि मास्क लावा.

खरेदीला लोकलने पुण्याला जाऊन रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हिंडणार असाल, तर पिशवीत ६ मिलिमीटर प्लायचा तुकडा ठेवा. त्यावर ५ सेंटिमीटरचा ‘ब’ काढून, पोकळ्यांत दोन मिलिमीटरची भोकं घरीच पाडून न्या. दुकानदाराला म्हणा, “दादा, यातून पातं ओवून दाखवा.” त्याला जितका वेळ लागेल, तितकाच तुम्हालाही रोज लागणार आहे.