डोळ्यांनी पाहिलेलं आणि आठवलेलं : बोधात्मक मानसशास्त्राची ओळख

मागच्या व्याख्यानात आपण वर्तनवाद पाहिला. बाहेरून दिसतं तेवढंच मानसशास्त्राने अभ्यासावं, ही 1913 साली जॉन वॉटसनने मांडलेली भूमिका. उद्दीपक काय होता आणि प्रतिसाद काय आला, एवढंच नोंदवायचं. आजचा बोधात्मक दृष्टिकोन नेमकं पुढचं विचारतो : या दोन्हींच्या मधे मनात काय घडलं?

बोध म्हणजे काय, तर लक्ष देणं, ओळखणं, आठवणं, विचार करणं. माहिती आत येते, तिच्यावर काही प्रक्रिया होते आणि मग आपण वागतो. संगणक आल्यावर या कल्पनेला बळ मिळालं. 1967 साली उल्रिक नायसरचं ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक आलं आणि शाखेचं नाव रुळलं.

पण प्रक्रिया होते म्हणजे नक्की काय होतं? आज एकच उदाहरण घेऊ, स्मरणाचं. पुष्कळांना वाटतं की स्मृती म्हणजे डोक्यातला कॅमेरा. चित्रण झालं, साठवलं, हवं तेव्हा लावून पाहिलं. असं नसतं, हे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने 1932 सालीच सांगितलं होतं. त्याने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगायला लावली. कथा आखूड होत गेली, आणि अनोळखी तपशील ओळखीचे होत गेले. आपल्या मनात प्रत्येक गोष्टीचा एक आराखडा असतो, त्याला ‘स्कीमा’ म्हणतात. आता बघा, कुणी लग्नाची हकीकत सांगितली आणि अक्षतांचा उल्लेखही केला नाही, तरी महिन्याने आपल्याला अक्षता ‘आठवू’ शकतात! रिकाम्या जागा आपण आराखड्यातून भरतो.

आता 1974 सालचा एक प्रयोग. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्न तोच, फक्त क्रियापद वेगळं. ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ असं विचारलं, तर सरासरी अंदाज आला ताशी 40 मैलांच्या थोडा वर. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं विचारलं, तर सुमारे 32 मैल.

तुम्ही म्हणाल, हा अंदाजाचा फरक झाला, स्मृतीचा कुठे? म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला. आठवड्याने विचारलं, ‘फुटलेली काच दिसली का?’ फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ‘जोरात आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले. ‘धडकल्या’ असा साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी फक्त 7. म्हणजे प्रश्नातला शब्द आठवणीत शिरला होता.

प्रयोगशाळेत हे गमतीचं वाटतं. न्यायालयात तसं नसतं. 1984 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला होता. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं. मग ओळख परेड झाली. फोटोंमध्ये होता आणि परेडमध्येही होता, असा माणूस एकच : कॉटन. तिने पुन्हा त्यालाच ओळखलं. ओळख बरोबर ठरल्याचं पोलिसांकडून कळल्यावर तिची खात्री आणखी वाढली. पुढे 1987 साली खरा गुन्हेगार, बॉबी पूल, न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला, आणि तिने त्याला ओळखलं नाही! 1995 साली डीएनए चाचणीने सत्य बाहेर आलं. तोवर कॉटनची साडेदहा वर्षं तुरुंगात गेली होती.

ती खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. तिच्या आठवणीत चेहराच बदलला होता. खात्री वाढत गेली, पण अचूकता वाढली नाही.

श्रोत्यांतून प्रश्न आलाय की, मग साक्षीदारावर विश्वासच ठेवायचा नाही का? तसं नाही. आठवण बहुतेक वेळा उपयोगाचीच असते. पण घटनास्थळावरच्या ठशांसारखी तीही जपावी लागते. म्हणून जबाब लवकर घ्यावा, ‘काय झालं ते सांगा’ असं मोकळं विचारावं, आणि ओळख परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं, असं संशोधक सांगतात. कायद्यालाही याची जाण आहे. आपल्याकडे विरोधी पक्षाने हरकत घेतली तर सरतपासणीत न्यायालयाच्या परवानगीशिवाय सूचक प्रश्न विचारता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हा नियम होता, आणि आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

आणि हे फक्त वकील-पोलिसांपुरतं नाही. मूल शाळेतून रडत घरी आलं की आपण पटकन विचारतो, ‘कुणी मारलं तुला?’ या प्रश्नात मारल्याचं आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. त्याऐवजी ‘काय झालं, सांग बरं’ एवढंच विचारावं आणि थांबावं. मग येणारं उत्तर त्याचं असेल, आपलं नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण लक्ष, म्हणजे अवधान, याविषयी बोलू.